कुलथे सरांचं मानसशास्त्र आणि सुशीलाचा पाठ

शिरूरला डी.एड.ला असतानाच्या मैत्रिणी अजून कुणाच्या लग्नकार्यात भेटल्या, की पहिला चहा यायच्या आत कुलथे सरांचा विषय निघतो. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात. लग्न लागून पंगती उठतात, आणि आम्ही आपल्या मांडवाच्या कडेला तशाच बसलेल्या. सर आम्हाला मानसशास्त्र शिकवायचे. माणूस कशानं हलतो, कशानं चिडतो, कशाला भितो, याचे सगळे सिद्धांत त्यांना तोंडपाठ. अडचण एवढीच, की सरांना ते खरे वाटायचे आणि ते आमच्यावर करून बघायचे.

सगळ्यात जास्त प्रयोग झाले ते माझ्या खोलीतल्या सुशीलावर. ती कोरेगाव भीमाची. वडील वीटभट्टीवर कामाला. वस्तीतून शिकून बाई होणारी ही पहिलीच, त्यामुळे विहाराच्या कट्ट्यावर बसणारे सगळे तिला आधीपासूनच 'बाई' म्हणायचे. खोलीत ती सुरेख पाठ घ्यायची. पण वर्गात मागच्या बाकावर तपासायला कुणी येऊन बसलं, की तिचा आवाजच जायचा. वार्षिक पाठात ती एकदा अशीच नापास झाली होती. पुन्हा झाली तर वैशाखात लग्न, असं घरी ठरलं होतं. मुलगाही बघून ठेवला होता.

*

सरांचा लाडका सिद्धांत असा, की आपण भितो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून भितो. शरीर आधी, भावना मागून. "तेव्हा कुत्रं अंगावर आलं तर पळू नका," सर म्हणाले. "भीती वाटणारच नाही."

आमच्या वर्गातला नामदेव सरांचा भक्त. सराव पाठांसाठी मांडवगण फराट्याला गेलो होतो, तिथं एका खळ्यावरचं कुत्रं आमच्यावर धावून आलं. आम्ही सगळे पळालो. नामदेव तेवढा उभा राहिला.

दोन दिवसांनी पोटरीला पट्टी बांधून तो वर्गात आला. "सर, भीती वाटली न्हाई," तो म्हणाला. "पण कुत्रं चावलं."

सरांनी वाकून पट्टी नीट बघितली. मग म्हणाले, "बरोबर आहे. सिद्धांत भीतीबद्दल आहे. चावण्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही."

हाच सिद्धांत मग सुशीलाला लावण्यात आला. हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहिलीस तर मनात भीती येणारच नाही, असं सरांनी तिला सांगितलं. तिच्या वाट्याला नेमका आई मेलेल्या पाडसाचा धडा आला. बिचारी शेवटपर्यंत हसत राहिली. नव्या बाई लई दुष्ट हायेत, असं मुलांनी घरी जाऊन सांगितलं.

*

मग गरजांची उतरंड आली. सरांनी फळ्यावर मडक्यावर मडकं काढलं. तळाला भूक-तहान, त्यावर सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि टोकाला आयुष्याचं सार्थक. खालचं मडकं भरल्याशिवाय माणूस वरच्याकडं बघतच नाही. "उपाशी माणसाला कसला आलाय मानापमान?" सर म्हणाले.

तेव्हा आप्पा उठले. आप्पा भांडगावचे. बरीच वर्षं ट्रेनिंगशिवाय मास्तरकी करून मग आमच्यात येऊन बसलेले, वयानं सरांच्या बरोबरीचे.

"सर, माज्या पुतणीच्या लग्नात आमचं दाजी सकाळपास्नं उपाशी हुतं. पण पंगतीला बोलवायला थोरल्यानं न येता धाकट्याला धाडलं, म्हणून उठलं आन् भर उन्हात चालत गावाला गेलं. बुंदी तशीच ऱ्हायली. ह्यांचं मडकं कुठलं धरायचं?"

सरांनी डस्टर उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग उतरंडीखाली कंसात लिहिलं, 'लग्नघर सोडून.' परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ते कंसासकट लिहिलं आणि कुणाचाही मार्क कापला गेला नाही.

*

बक्षिसानं प्रेरणा मिळते, हे शिकल्यावर मी मांडवगणच्या चौथीला उत्तरामागं गुळाचा खडा द्यायचं ठरवलं. वर्ग ढिम्म. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी मला समजावू लागली. "बाई, गूळ आमच्यात गुऱ्हाळावर ढेपंनं हाय. त्यापरीस खडू द्या की."

खडू दिले. असे हात वर झाले की विचारू नका! दुसऱ्या दिवशी गावातली एकही भिंत कोरी राहिली नव्हती. मारुतीच्या देवळावर तर आठचा पाढा पूर्ण होता. हेडमास्तरांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, प्रेरणा जरा कमी करा," म्हणाले.

*

राग आवरायचा सरांचा उपाय म्हणजे पाणी. राग शरीरात असतो, शरीर गार झालं की तो जातो, म्हणून चिडले की सर पेलाभर पाणी प्यायचे. आमच्या वर्गात त्यांचा तांब्या तासाला रिकामा व्हायचा.

आमचं पहिलं वर्ष दुष्काळाचं होतं. सर होस्टेलच्या शेजारीच राहायचे. एकदा सकाळी ते डबा घेऊन निघाले आणि मागून काकूंचा आवाज आला. "अहो, घरात एकच हंडा उरलाय. टँकर येईपर्यंत कुणावर रागावू नका!"

त्या दिवशी आप्पांनी वर्गात उघड तंबाखू मळली. सर नुसते बघत राहिले.

*

वार्षिक पाठाचं केंद्र आमच्या वर्षी दौंडला होतं. सुशीलाचा भूगोल, भीमा नदी. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मनातून मी तिच्या लग्नाला जाऊनही आले होते. परीक्षक रेल्वेनं यायचे होते. सर हार घेऊन स्टेशनवर गेले. गाडी लेट असल्याचा निरोप आला, तेव्हा तिथल्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "बाई, तोवर पोरं सांभाळा." साहेब यायला वेळ आहे म्हटल्यावर सुशीलाचा जीव भांड्यात पडला. तिनं नकाशा टांगला आणि खोलीत घ्यायची तसा पाठ सुरू केला.

तेवढ्यात धोतर-टोपीतले एक म्हातारे, हातात पिशवी, दारात उभे राहिले. त्या वर्षी ज्वारी बरी आली होती, आणि काढणीच्या दिवसांत लोक भर तासाला येऊन पोरं शेतावर घेऊन जायचे. सुशीलानं त्यांना दारातच अडवलं. "आबा, पोराला न्यायला आलाव न्हवं? तास झाल्याबिगर मी कुणाला सोडायची न्हाई. बसा तिथं मागं."

"बरं बाई," म्हणून आबा मागच्या बाकावर बसले.

मी खिडकीतून बघत होते. पाठ काय रंगला! तिनं आबांनाही सोडलं नाही. "सांगा आबा, भीमा कुठनं निघती?"

"महाबळेश्वर," आबा म्हणाले. सगळा वर्ग हसला.

"ती कृष्णा. आपली भीमाशंकराची. उभं ऱ्हावा आन् पोरांसंगं म्हणा." आबा उभे राहिले आणि त्यांनी म्हटलं.

एवढ्यात सर हार घेऊन धापा टाकत आले. "साहेब गाडीतून उतरलेच नाहीत," म्हणत त्यांनी खिडकीतून डोकावलं, आणि माझा दंड असा धरला की वळ उठले. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं. घंटा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच खिडकीशी उभे.

तास संपल्यावर आबा पिशवी घेऊन व्हरांड्यात आले. सुशीला नकाशा गुंडाळत मागोमाग. सरांनी आबांच्या गळ्यात हार घातला. गाडी लेट म्हणून ते एस्टीनं येऊन पोचले होते.

"बाई पास," आबा सरांना म्हणाले. "चांगल्या मार्कांनी. आणि भीमाशंकर. आता मी विसरणार नाही."

मला रडूच फुटलं. सुशीलानं आबांकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं. पुढच्या क्षणी नकाशा काखोटीला मारून ती मैदानातून जी सुटली, ती थेट फाटकाकडं.

सर पायरीवर येऊन जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "सुशीला, अगं पळू नकोस! पळू नकोस, भीती वाटेल!"