आतली कडी

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास मी भंडाऱ्याला मास्तर होतो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावी, करडीला जाणाऱ्या एस.टी.त बसायचो. शेजारी दर वेळी गावाकडचाच एक जण असायचा. भांड्यांच्या दुकानात पितळ घासून बोटं काळी पडलेली, आणि मांडीवर लाकूड. कंडक्टर टपावर टाक म्हणायचा. हा मात्र लेकरू धरावं तसं ते कवटाळून बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला गुरुजी म्हणायचा, तेवढ्यावर आमचं भागायचं.

त्याच्या घराला दार नव्हतं, बांबूची ताटी होती. "हप्त्यातून पाच राती घरवाली त्या ताटीमांगं एकटीच जागी असते, गुरुजी." म्हणून दर रविवारी तो थोडं थोडं दार करत होता. सोमवारी परतताना मी विचारायचो, "कुठवर आलं?" एका रविवारी फळ्यांना रंधा मारून झाला. पुढच्या रविवारी दार चौकटीत बसेना, तर दिवसभर नुसतं तासणं. शनिवारी जाताना मी चिडवायचो, "सुतारानं दोन दिवसांत लावून दिलं असतं हो!" तो नुसता हसायचा आणि लाकडावरून अंगठा फिरवायचा.

शेवटी आतली कडी बसली. त्यानंतरच्या शनिवारी तो मोकळ्या हातांनी गावी गेला. सोमवारी मी विचारलं, "मग, कसं आहे दार?"

"परवा गेलो, तं भर दुपारी आतून कडी लावून निजली होती. दार वाजवलं, हाका मारल्या. उठलीच नाही."

"मग काय केलं?"

"काय करतो? बसलो बाहेर वट्ट्यावर. निजू देलं."