बर्फावरून आलेलं पाकीट

केप ट्रॅव्हर्सच्या एफी मॅकॉरीने उभी हयात शाळेची बस चालवली आणि उरलेला वेळ जुनी टपालाची पाकिटं जमवण्यात घालवला. कुठलीही पाकिटं तिला चालत नसत. पूर्वी हिवाळ्यात सामुद्रधुनी गोठली की कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाचं टपाल होड्यांतून जायचं. पाणी असेल तिथे वल्ही मारायची, बर्फ लागला की छातीला पट्टे बांधून होडी ओढायची. त्या होड्यांतून गेलेली पाकिटं, तेवढीच तिची. तिचे पणजोबा अँगस त्या ओढणाऱ्यांतलेच.

एकदा वादळात त्यांची टोळी रात्रभर बर्फावर अडकली. ऊब मिळावी म्हणून त्यांनी होडी फोडून जाळली, पण टपालाच्या थैलीला हात लावला नाही. त्या थैलीतलं एक पाकीट हॅलिफॅक्सच्या लिलावात एफीला मिळालं. शाई पसरलेली, तिकीट भिजून गळून पडलेलं. शिक्क्यावरची तारीख मात्र स्पष्ट.

शार्लटटाउनच्या टपाल-तिकिटांच्या प्रदर्शनात तिने ते आपल्या चौकटीत बरोबर मधोमध लावलं आणि खाली टोळीतल्या सगळ्यांची नावं लिहिली.

लॉर्न गोडे तिचा जुना मित्र आणि तितकाच जुना प्रतिस्पर्धी. तो चौकटीपुढे उभा राहून चुकचुकला.

"एफी, अगं, बाकीची पाकिटं लाखात एक आहेत. हे लक्तर काढ. सुवर्णपदक तुझंच."

"तुझ्या पोटात दुखत नाहीये ना?"

"दुखत असतं तर गप्प बसलो नसतो? आणि ही नावं कशाला? परीक्षक तिकिटं बघतात, हजेरीपट नाही."

"माणसांनी होडी जाळली, लॉर्न, पण हे जपलं. आणि मी पदकासाठी ते पिशवीत घालू? चल, सरक, उजेड अडवतोयस."

परीक्षकांनी तिला रौप्य दिलं. सुवर्ण लॉर्नला गेलं. एफीने त्याचा हात जरा जास्तच जोरात दाबला.

दुपारी बर्फ काढायची गाडी चालवणारा वेंडेल मटार्ट बायकोबरोबर आला. नावं वाचता वाचता तो थांबला. त्याने टोपी काढली.

"रोडरिक मटार्ट... हे माझे आजोबा, बाई. आम्हाला फक्त त्यांचं लंगडणं ठाऊक होतं. घरात कुणी विचारलंच नाही कधी."

"त्या रात्री त्यांच्या पायाची बोटं गेली," एफी म्हणाली. "थैली त्यांच्याच पाठीवर होती."

वेंडेलने बायकोला फोनकडे पिटाळलं. संध्याकाळपर्यंत टोळीतल्यांच्या घरची माणसं दाटीवाटीने उभी होती. नातवंडं एकमेकांना ढकलत आपापलं नाव शोधत होती. सुवर्णपदकाच्या चौकटीपाशी चिटपाखरू नव्हतं. खुद्द लॉर्न एफीसाठी चहा घेऊन आला होता.

"पुन्हा सांग, एफी," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

एफी खुर्चीवरून उठली, पाठ ताठ केली आणि बसमधल्या पोरांना दरडावायची त्याच खणखणीत आवाजात पहिल्यापासून सांगू लागली.