विमानचाचांची लाल रेघ

कुठलीही बंद मोटार समोर आली की विमानचाचा आधी तिच्यावर पंजा ठेवून डोळे मिटायचे. तीर्थपुरीत आमच्या शाळेसमोर त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी भरून ते पोट चालवायचे आणि घरामागच्या पत्र्याखाली एका माणसापुरतं विमान बांधायचे. गाव हसायचं. मी विज्ञान शिकवतो, म्हणून मी जरा शहाणपणाने हसायचो.

विमानाच्या शेपटाला त्यांनी हातभर पट्टी बसवली होती. विमान हाकायच्या दांड्यावरचं बटण दाबलं की जीपच्या वायपरची मोटार आटे पाडलेला गज फिरवायची आणि पट्टी वर-खाली व्हायची. "सर, नाक सारखं वर न्हाई तर खाली जातं. दांडा धरून धरून हात गळतो. पट्टी बराबर बसली, की हात सोडून बसायचं." आभाळात एकदा हात सोडून बसायचं, एवढीच त्यांची हौस. गजावर चाचींच्या नेलपॉलिशची लाल रेघ होती; गज फिरला की त्यावरचा नट तिच्याकडे सरकायचा. "निघायच्या आधी रेघंवर पाहिजे. बिलकुल."

एकदा मी नाक वर करायचं बटण दाबलं, तर पट्टी खाली गेली. मोटार उलटी फिरली तर दोन वायरींची अदलाबदल करायची, हे मी त्यांच्याच दुकानात पाहिलेलं. न विचारता बदलून टाकल्या. चाचा आठ दिवस बोलले नाहीत. मग चहा पुढे सरकवत म्हणाले, "पट्टी खाली गेली की शेपूट दबतं, मंग नाक वर येतं. तुम्ही मला जमिनीत घालून राह्यल्ते, सर." त्यानंतर मी हसणं सोडलं.

पुढे चाचींना अर्धांगवायू झाला. आडव्या पडून त्यांचा घास घशात अडकायचा. एका सकाळी गेलो, तर शेपटाखाली नुसत्या वायरी लोंबत होत्या. मोटार, गज, बॅटरी, सगळं चाचींच्या पलंगाला लागलं होतं. डाव्या हातातलं बटण दाबलं की उशाकडची बाजू वर यायची.

"दुसरी मोटार आणू की," मी म्हणालो.

"मोटार मिळंल, सर. मी वर गेल्यावर काही झालं, तर हिला कोन भरवंल?"

पत्र्याखाली ते परत गेले नाहीत. विमानावर धूळ साचत गेली.

यंदा चाचा झोपेतच गेले. अंगणात जनाजा उचलायची तयारी झाली, तेव्हा खिडकीतून ओळखीची घरघर ऐकू आली. चाची पलंग उचलत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू खिडकीच्या चौकटीत आला आणि नजर अंगणात पोचली. मी खिडकीशीच उभा होतो. जड जिभेने त्यांनी विचारलं, "सर, रेघंवर हाये का?"

मी खिडकीतून आत वाकून पलंगाखालचा गज पाहिला. "अजून बोटभर, चाची."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"आली," मी म्हणालो.

"मंग नेऊ द्या त्यांला."

मी डोळे पुसले आणि खांदा द्यायला पुढे झालो.