गेलच्या हातून सुटलेली काठी

शनिवारी दुपारी गेल थॉर्लीला खरं तर गरम पाण्यात पाय बुडवून स्वस्थ बसायचं होतं. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना जेवण वाढून गुडघे अगदी कामातून गेले होते. पण मुलगी केरी हात धुऊन मागे लागली. इंग्लंडमधल्या हल शहराच्या वाचनालयात बायकांच्या जुन्या पंक बँडांचं प्रदर्शन लागलं होतं आणि त्यात गेलच्या बँडचा, चिलब्लेन्सचा, फोटो होता.

चिलब्लेन्स म्हणजे थंडीने सुजून लाल झालेली बोटं. नाव बेव्हने ठेवलेलं, ती गायची. चौघीही मासळीच्या कारखान्यात बर्फातले मासे कापायच्या, दुसरं नाव सुचणार तरी कुठून? वाजवता कुणालाच येत नव्हतं. तेव्हा त्यावाचून काही अडत नसे. आधी स्टेजवर चढायचं, मग शिकायचं. गाणं आवडलं की लोक अंगावर थुंकायचे, ती रीतच होती. गेल मागे ड्रमवर बसायची, म्हणून जरा कमी भिजायची.

फोटो सापडला. खाली चौघींची नावं होती आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: रेकॉर्डवरचे ड्रम स्टुडिओच्या मालकाने वाजवले, असे मानले जाते.

केरीचं डोकं फिरलं. गेलला रागसुद्धा आला नाही, नुसता शीण आला. अठ्ठ्याहत्तर सालापासून ती हेच ऐकत होती. मालक स्वतःच तसं सांगत फिरायचा आणि लोकांना ते पटायचं, कारण पोरींना कुठलं एवढं जमायला! बेव्ह होती तोवर बेव्ह भांडायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. एक जण ऑस्ट्रेलियात, तिचा पत्ता नाही. दुसरीला आता स्वतःचं नावही आठवत नाही. गेल गप्प राहिली, तर पाटी खरी ठरणार होती.

"सोड गं," ती म्हणाली. "घरी जाऊन चहा टाकू."

"आई, आयुष्यभर तू सोडतच आलीस."

केरी तरातरा गेली आणि प्रदर्शन मांडणाऱ्या फ्रेयाला घेऊन आली. फ्रेया पंचविशीची असेल, स्वतः एका बँडमध्ये ड्रम वाजवणारी. ती ओशाळली. मालकाच्या एका जुन्या मुलाखतीत तसं होतं म्हणाली, आणि चाचरत विचारलं, उलट सांगणारं काही आहे का?

गेल खुर्चीत बसली. "रेकॉर्ड लाव. चांगलं मोठ्याने."

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात ड्रम अचानक थांबले. चार ठोके काहीच नाही. मग कोणीतरी हळूच "सॉरी" म्हणालं आणि ड्रम पुन्हा धावायला लागले.

फ्रेयाचे डोळे चमकले. ही जागा तर सगळ्यांना पाठ आहे, म्हणाली. हे गाणं वाजवताना आम्हीही तिथे थांबतो, सगळ्याच पोरी थांबतात. ते सॉरी आम्ही टोमणा मारल्यासारखं म्हणतो.

"ड्रमची काठी पडली होती हातातून," गेल म्हणाली.

फ्रेयाने गाणं थांबवलं.

"पहाटे सहापासून बर्फात हात. संध्याकाळी बोटं मिटेनात. काठी सुटली, मी वाकून उचलली. स्टुडिओची वेळ संपत आली होती, दुसऱ्यांदा वाजवायला सवड नव्हती. मालक काचेपलीकडे बटणांशी बसला होता. तो वाजवत होता, तर सॉरी कोण म्हणालं? ऐक परत. आवाज माझा आहे."

फ्रेयाने पुन्हा लावलं. एकोणीस वर्षांची गेल पुन्हा एकदा सॉरी म्हणाली. फ्रेयाने खिशातून पेन काढून ती बारीक ओळ खोडली आणि विचारलं, इथे काय लिहू?

"काठी पडली ते लिही. त्यात लाज कसली, बोटं गारठली होती." गेल मनगट चोळत राहिली. "पण सॉरी कशाला म्हणाले गं मी? एवढी वर्षं तेच टोचतंय. तुझ्या पोरींना सांग, थांबायचं तिथे खुशाल थांबा. ते तेवढं म्हणू नका."

मग ती केरीचा हात धरून उठली. उठताना खुर्ची मागच्या एका गृहस्थाला लागली. गेलने सवयीने तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं.