आवाज नसलेलं ॲप

अशा कथा वाचताना मी आजवर मनातल्या मनात लाल शाईनं चुका काढत आले. संकेत, चाहूल, अदृश्य शक्ती... माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तरीही लिहिते आहे.

मी दौंडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. नोकरीसाठी लातूरहून इथे आले तेव्हा चाळिशी उलटली होती. संध्याकाळी खोलीत सोबत असे ती कुकरच्या वाफेची आणि दूरच्या मालगाडीच्या घरघरीची. या वयात नवी मैत्रीण शोधायची तरी कुठे?

"ॲपवर मैत्रीण?" स्टाफरूममध्ये शेख मॅडम हसल्या. "नवरा शोधत असता तर समजलं असतं, बाई!"

भीती मलाही होतीच. म्हणून फार पारखून ॲप निवडलं — फक्त स्त्रियांसाठी, ओळखपत्र तपासणारं, नंबर लपवणारं. मुख्य म्हणजे त्यात कॉल नव्हता, व्हॉइस मेसेज नव्हता, केवळ लिहायचं. अनोळखी आवाज माझ्या खोलीत शिरणार नाही, याचं मोठं समाधान होतं.

तिथे सिंधू भेटली. मांडवगण फराट्याजवळच्या वस्तीवर आईसोबत राहणारी, ब्लाउज शिवणारी. तिची वाक्यं तिच्या टाक्यांसारखीच असत, लहान आणि घट्ट. काही महिन्यांनी तिनं लिहिलं, "ब्लाउजपीस घेऊन या. स्टँडवर न्यायला येते."

भीमेचा पूल ओलांडून एसटी शिरूर तालुक्यात शिरली. वाटेत वस्तीचा फाटा दिसला आणि मी स्टँडपर्यंत न थांबता, सिंधूला न कळवताच, तिथे उतरले.

"बाई, मोबाइलवर गाणं लावा मोठ्यानं," कंडक्टर म्हणाले. "बिबट्या हाय उसात. गप् गप् कुणी जात न्हाई इकडं."

मी मान डोलावली. गाणं मात्र लावलं नाही. कलत्या उन्हात उसाची सळसळ मला ऐकायची होती.

दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस. मध्ये जेमतेम गाडीपुरती, ओलसर वाट. निम्म्यावर आले आणि पाखरं एकाएकी गप्प झाली. वारा पडला होता... तरी डावीकडची पाती हलत होती. मी थांबले की तीही थांबत. नाकात एक उग्र, कोंदट दर्प शिरला. मी जागीच उभी राहिले.

तेवढ्यात हातातल्या मोबाइलमधून बाईचा आवाज आला.

"ताई, थांबू नका. पळूबी नका. मोठ्यानं बोला."

"को... कोण?"

"सिंधू. काय जेवलात सकाळी?"

"भाकरी..."

"मोठ्यानं! आन् कालवण?"

"मेथी!" मी ओरडले. "मेथी आणि ठेचा!"

"मेथीत दाणकूट घातलं व्हतं का न्हाई?"

ओरडत मी अख्खी पाककृती सांगितली. सळसळ बाजूनं चालत राहिली. ऊस संपला, गोठा दिसला आणि आवाज बंद झाला.

दारात सिंधूची आई उभी होती. "एकट्याच कुणाला मेथी सांगत व्हता, बाई?"

"सिंधूला. फोनवर..."

म्हातारीचा चेहरा उतरला. "सिंधू बोलत न्हाई वो. ल्हानपणी ताप आलता, तवापासनं न्हाई. आत्ता मशीन सोडून उठली आन् गळा धरून बसलीया."

आत सिंधू बसली होती, घामानं भिजलेली. तिनंही हे ॲप निवडलं होतं ते त्यात आवाज लागत नाही म्हणूनच.

मी मोबाइल तपासला. तिचा शेवटचा मेसेज होता, "निघालात का?" त्यानंतर काही नाही. परतताना शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरवरून सोडलं. त्याच्या दिव्याच्या उजेडात दिसलं, ओल्या वाटेवर माझ्या चपलांच्या खुणांलगत पंजे उमटले होते, ऊस संपेपर्यंत.

मोबाइलमध्ये बिघाड? भीतीनं झालेला भास? भासानं मेथीतलं दाण्याचं कूट विचारावं?

त्या दिवशी निरोप घेताना सिंधूनं टाइप करून स्क्रीन माझ्यापुढे धरला होता — "कसा होता?"

इतकी वर्षं कविता शिकवूनही मला एक उपमा सुचली नाही. "थोडा घोगरा," मी म्हणाले, "आणि जवळचा."

अजूनही अधूनमधून ती ॲपवर तेच विचारते. आणि विसरण्याआधी, आठवेल तितका, मी तिला तिचा आवाज पुन्हा लिहून पाठवते.