मावशीच्या गाठी अमरावतीला जातात

साठ सालानंतरची गोष्ट. मी अकोल्यात एका दवाखान्याच्या रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होते. माझी मावशी हिवरखेडला भाजीचा मळा करायची. तिच्या छातीत गाठ निघाली, तरी कुणाला न सांगता ती चार महिने वांगी तोडत राहिली. शेवटी मीच तिला धरून आणली.

डॉक्टरांनी स्तन काढला आणि बगलेत सगळ्यांनाच असतात त्या लहान गाठीही. दुखणं पसरलंय का, ते या गाठींवरून कळणार होतं. पण त्या तपासणारे डॉक्टर अमरावतीला. औषधाच्या पाण्यात घालून गाठी बरणीत ठेवल्या, आणि नेणारा शिपाई नेमका लांब रजेवर. शेवटी मीच निघाले, तर टाके नुकतेच निघालेली मावशी पिशवी घेऊन दारात उभी.

"तू कावून निघाली?" मी विचारलं.

"माह्या अंगाचं हाये. तुह्या हातून एसटीत राहिलं मंग?"

बरणी मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. समोर परतवाड्याचा एक मिशाळ गृहस्थ होता. बराच वेळ बरणीकडे पाहून त्याने विचारलं, "लोणचं कायचं हो बाई?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"लोणचं नोहे भाऊ," मावशी शांतपणे म्हणाली, "दाक्तरनं माह्या बगलेतून काढलं थे हाये."

गृहस्थाचं तिकीट अमरावतीचं होतं. तो मूर्तिजापूरलाच उतरला.

अमरावतीच्या डॉक्टरांनी बरणी ठेवून घेतली आणि मावशीचं रक्तही काढलं.

"पसरलं का नाही, थे रक्तातून समजते का?" तिने विचारलं.

"नाही बाई. अंगात रक्त किती, एवढंच कळतं. दुखणं पसरलंय का, ते रक्तावरून अजून कळत नाही."

"मंग काढलं कावून? वापस टाका!"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. दवाखान्याच्या पायरीवर मी तो तिला वाचून दाखवला. "गाठींमध्ये काही नाही."

"काही नाही? मंग एवढ्या दूर रिकाम्या नेल्या काय?"

"मावशे, पसरलं नाही! चांगलं आहे हे!"

ती तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, "चाल, भूक लागली." बाजारात जाऊन आम्ही कचोऱ्या खाल्ल्या. मी एक, तिने तीन.