भिंतीआधीची चौकट

फाळणीच्या साली आम्ही तिघे मित्र संध्याकाळी नगरातल्या एका चहाच्या दुकानात बसायचो. कुणाची न्हाणी उखडलेली, कुणाच्या घरावरचं मातीचं धाबं गळतंय, असल्या गप्पा. तेवढ्यात एक मुसलमान कारागीर यायचा. मागावर लुगडी विणायचा; नाव आम्ही कधी विचारलंच नाही. बाकावर टेकायचा नाही. दारात उभ्याउभ्याच चहा फुंकत विचारायचा, "धाब्याला पांढरी माती कुठनं आणली?"

"तुमचं घर कुठवर आलं?" म्हटलं, की पुन्हा चहा फुंकू लागायचा. पाया भरून झाला होता. सागाची चौकट परसात नुसती टेकवून ठेवलेली. धाकटा भाऊ कराचीला निघाला होता आणि यालाही चल म्हणत होता.

एकदा चहा तसाच ठेवून म्हणाला, "चौकट बसली की मानूस हलत न्हाई. उद्या बसवतोय. धरायला याल का?"

आम्ही गेलो. भाऊ सकाळच्या गाडीनेच गेला होता. गवंड्याने ओळंबा धरला, टेकू दिले, आम्ही हात सोडले. भिंतींचा अजून पत्ता नव्हता. चारी बाजू मोकळ्या असताना तो मात्र दर खेपेला चपला काढून त्या चौकटीतूनच आत-बाहेर करत राहिला.